मगेय ते घायपात : जोपासनेच्या एका परंपरेचे स्थलांतर आणि विस्मरण

१.

फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'त बुर्झोय या इराणी वैद्याची कथा आली आहे. मृतांना उठविणारी वनौषधी भारतातील पर्वतांवर मिळते असे ऐकून तो तिच्या शोधार्थ येथे आला. वनौषधी काही त्याला मिळाली नाही. ग्रंथ हीच खरी संजीवनी असे एका ज्ञानी पुरुषाने त्याला सांगितले आणि परत जाताना तो पंचतंत्राची कथा घेऊन गेला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना ही कथा परिचित आहे, कारण पंचतंत्राच्या पहलवी, अरबी आणि पुढे युरोपीय भाषांतील प्रवासाचा आरंभ तिथे सांगितला जातो. वनस्पतीच्या शोधात निघालेला मनुष्य संहिता घेऊन परततो, असे या कथेचे सूत्र आहे.

याच्या नेमके उलट घडल्याची उदाहरणे वसाहतकालीन इतिहासात विपुल आहेत. वनस्पती समुद्र ओलांडून गेली आणि तिची संहिता मागे राहिली. येथे 'संहिता' हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे. माणसाने लावलेले झाड केव्हा लावावे, कोणत्या वयात त्याला हात लावावा, त्याचा कोणता भाग घ्यावा व कोणता राखावा, हे काम कोणी करावे, यासंबंधीचे ज्ञान, त्या ज्ञानाची परिभाषा आणि त्याला आधार देणाऱ्या कथा यांची मिळून ही संहिता बनते. मेक्सिकोत 'मगेय' आणि महाराष्ट्रात 'घायपात' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अगेव्ह प्रजातीच्या इतिहासाचा या दृष्टीने मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

२.

अगेव्हचे मूळ स्थान अमेरिका खंड होय. तिच्या दोनशेच्या आसपास जाती मानल्या जातात आणि त्यांपैकी बहुसंख्य मेक्सिकोत आढळतात. मांसल, काटेरी पाने, दिवसा मिटलेली आणि रात्री उघडणारी पर्णरंध्रे यांमुळे ती अवर्षणात तग धरते. तिच्या बहुतेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात. अनेक वर्षे पानांच्या गाभ्यात साठविलेली साखर खर्चून ती एक उंच दांडा वर काढते, त्यावर फुलोरा येतो, आणि मग ती वाळून जाते. तोवर तिच्या बुंध्याशी फुटवे आलेले असतात. काही जातींत फुलोऱ्याच्या दांड्यावरच इवली रोपे धरतात. फुलण्यास शंभर वर्षे लागतात हा युरोपीय समज निराधार आहे. हा काळ बहुधा दहा ते तीस वर्षांचा असतो. एकदा व्यालेली केळ आणि एकदाच फुलणारा बांबू ज्यांनी पाहिला आहे, त्या मराठी वाचकाला हे जीवनचक्र समजावून सांगण्याची गरज नाही.

नहुआत्ल भाषेत या वनस्पतीला 'मेत्ल' म्हणतात. मेक्सिकोच्या मध्यवर्ती पठारावर तिच्या जोपासनेची जी पद्धत विकसित झाली तिच्या केंद्रस्थानी फुलोऱ्याचा क्षण आहे. रोपे फुटव्यांपासून लावतात. शेताच्या उतारावर आडव्या ओळींत मगेय आणि दोन ओळींमधील पट्ट्यात मका, अशी 'मेतेपांत्ली' नावाची रचना त्लास्काला परिसरात आजही दिसते. तिने माती धरून ठेवली जाते. आठ ते बारा वर्षांनी गाभ्यातील पाने निमुळती होऊ लागली, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा लवकरच येणार हे जाणकार ओळखतो, आणि तो वर येण्यापूर्वीच गाभा कापून काढतो. स्पॅनिशमध्ये या क्रियेला खच्चीकरणाचाच शब्द आहे. काही महिने रोप तसेच ठेवल्यावर गाभ्यात पोकळी कोरतात. फुलोऱ्याकडे जायचा रस तिथे पाझरू लागतो. या गोड रसाला 'आग्वामिएल', म्हणजे मधुजल, म्हणतात. रस काढणारा 'त्लाचिकेरो' सकाळ-संध्याकाळ येऊन लांबट भोपळ्याच्या नळीने तो तोंडाने ओढून घेतो आणि पोकळीच्या भिंती खरवडून ठेवतो. खरवडले नाही तर पाझर थांबतो. रोप काही महिने असे दुभते आणि नंतर मरते. रस आंबवला की 'पुल्के' हे पेय तयार होते.

या व्यवहाराला कथेचा आधार होता. सोळाव्या शतकातील एका फ्रेंच हस्तलिखितात, जे स्वतःच एका हरवलेल्या स्पॅनिश लेखनाचे भाषांतर आहे, मगेयच्या जन्माची कथा येते. माणसांना अन्न मिळाले होते, पण आनंद नव्हता. म्हणून केत्सालकोआत्ल या देवाने आकाशातून मायावेल या तरुणीला पृथ्वीवर आणले. दोघे एका झाडाच्या दोन फांद्या होऊन राहिली. मायावेलच्या आजीने पाठलाग करून तिची फांदी तोडली आणि ती आकाशातील राक्षसिणींना खाऊ घातली. केत्सालकोआत्लने उरलेली हाडे पुरली आणि त्यांतून मगेय उगवले. परंपरेत मायावेल चारशे स्तनांची माता मानली जाते, आणि पुल्केचे देव म्हणजे चारशे ससे. वीसाच्या पटीत मोजणाऱ्या या संस्कृतीत चारशे म्हणजे वीस गुणिले वीस, अर्थात अगणित. विच्छिन्न झालेली आणि तरीही पाजणारी आई ही प्रतिमा, गाभा कोरलेल्या आणि तरीही पाझरणाऱ्या रोपापासून वेगळी काढता येत नाही. जोपासनेचे तंत्र आणि मिथक हे येथे एकाच अनुभवाचे दोन आविष्कार आहेत.

निर्बंधही याच संहितेचा भाग होते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेल्या 'मेंदोसा' चित्रपोथीत मनमुराद पिण्याची मुभा सत्तरीच्या वृद्धांना असल्याचे दाखविले आहे. त्याच पोथीत अवज्ञा करणाऱ्या मुलांना मगेयचे काटे टोचण्याची शिक्षाही चित्रित आहे. बेर्नार्दिनो दे सहागून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने नहुआ सहकाऱ्यांच्या साहाय्याने बारा खंडांचा जो ग्रंथ 1577 च्या सुमारास पूर्ण केला, त्यात नहुआत्ल आणि स्पॅनिश मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत आहे. त्याच्या दहाव्या खंडात मगेय कोरण्याची विद्या प्रथम जाणणारी स्त्री म्हणून मायावेल येते. येथे ती देवी नसून शोध लावणारी कसबी स्त्री आहे. आंबवण्यासाठी लागणारी मुळी शोधणारा पातेकात्ल हाही तिथे आहे. त्याच कथेत हुआस्तेक लोकांचा प्रमुख पाचवा पेला पितो, त्याची शुद्ध हरपते आणि तो लंगोट फेकून देतो. मर्यादा चार पेल्यांची होती. ज्ञान, त्याचा आद्य ज्ञाता आणि त्याची मर्यादा या तिन्ही गोष्टी एका कथेत बांधलेल्या आहेत.

३.

युरोपीयांनी या वनस्पतीची स्तुती मनापासून केली. स्पॅनिश राजवैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस 1570 च्या दशकात मेक्सिकोत वनस्पतींचा अभ्यास करीत होता. मनुष्यजीवनाच्या गरजा ही एकटी वनस्पती भागवू शकेल, असे त्याचे मत झाले. जोसे दे आकोस्ताने 1590 च्या आपल्या ग्रंथात तिला आश्चर्यांचे झाड ठरविले. पण स्तुतीबरोबरच नामांतराची प्रक्रियाही सुरू झाली होती. 'मगेय' हा शब्द मुळात मेक्सिकोचा नाही. कॅरिबियन बेटांवरील तैनो भाषेतून तो स्पॅनिशांनी उचलला आणि 'मेत्ल'च्या जागी रूढ केला. क्लुसियस या वनस्पतिज्ञाने स्पेनमधील एका मठात हे रोप पाहून 1576 मध्ये त्याचे वर्णन केले, ते कोरफडीची अमेरिकन जात म्हणून. पुढे 1753 मध्ये लिनियसने 'भव्य' या अर्थाच्या ग्रीक विशेषणावरून 'अगावे' हे नाव दिले. ग्रीक साहित्याच्या वाचकाला हे नाव युरिपिडीसच्या 'बाकाय' या नाटकातून आधीच परिचित असते. तिथली अगावे ही मद्यदेवतेच्या उन्मादात स्वतःच्या मुलाला फाडून टाकणारी आई आहे. लिनियसच्या मनात विशेषण असले, तरी नामांतराने घडविलेला विरोध लक्षणीय आहे. स्वतः विच्छिन्न होऊन मुलांना पाजणाऱ्या मातेच्या झाडाला मुलाला विच्छिन्न करणाऱ्या मातेचे नाव मिळाले, आणि मद्य हे दोन्ही कथांना जोडणारे सूत्र राहिले.

वसाहतकाळात पुल्केवरील धार्मिक निर्बंध सैल झाले आणि त्याची जागा कराने घेतली. 1692 मध्ये मेक्सिको शहरात धान्यटंचाईतून दंगल उसळली, तेव्हा दोष पुल्केला देण्यात आला व त्यावर काही वर्षे बंदी आली. उत्पन्नाचे साधन म्हणून ते पुन्हा सुरूही झाले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत आपानच्या मैदानात पुल्केच्या मोठ्या जमीनदाऱ्या उभ्या राहिल्या. पुल्के टिकत नाही; ते लवकर पोहोचवावे लागते. 1873 मध्ये मेक्सिको शहर ते वेराक्रुस हा लोहमार्ग सुरू झाला आणि या मैदानातून रोज पुल्केची पिंपे राजधानीकडे जाऊ लागली. पुढे बिअरच्या कारखान्यांच्या काळात पुल्के हे अस्वच्छ, मागासांचे पेय असल्याचा प्रचार झाला आणि त्याची प्रतिष्ठा ढासळली. आयझेनस्टाईनने 1930 ते 1932 या काळात मेक्सिकोत चित्रित केलेल्या, पण त्याच्या हातून पूर्ण न झालेल्या चित्रपटात 'मगेय' नावाचा एक भाग आहे. त्यात मगेयच्या रांगांमधून रस ओढत फिरणारा मजूर दिसतो, आणि त्याच मातीत गळ्यापर्यंत पुरलेले व घोड्यांच्या टापांखाली तुडवले जाणारे बंडखोर मजूरही.

४.

रसाच्या या इतिहासाला समांतर असा धाग्याचा इतिहास आहे. युकातानमधील माया लोक 'एनेकेन' या अगेव्हच्या पानांचा धागा पूर्वापार काढीत. 1880 च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील गव्हाच्या शेतांत कापणी करून पेंढ्या बांधणारी यंत्रे आली आणि त्यांना सुतळी लागू लागली. युकातानची शेते एनेकेनने भरून गेली. कर्जात बांधलेले माया मजूर अपुरे पडले, तेव्हा पोर्फिरिओ दियासच्या राजवटीने उत्तरेकडील याकी लोकांना त्यांच्या भूमीतून उचलून युकातानला पाठविले. जॉन केनेथ टर्नर या पत्रकाराने त्यांच्या स्थितीचे केलेले वर्णन 1910 च्या सुमारास अमेरिकेत गाजले. येथे फुलोऱ्याच्या क्षणाला महत्त्व उरले नाही. ठरावीक काळाने कापायची पाने, मोजायच्या जुड्या आणि तोलायचा धागा एवढीच जोपासनेची परिभाषा झाली.

हा धागा 'सिसल' या बंदरातून निर्यात होत असे, म्हणून एका जातीला बंदराचेच नाव मिळाले. हेन्री पेरिन या अमेरिकन वैद्याने 1830 च्या दशकात ही जात फ्लोरिडात नेली. तिथून 1893 मध्ये रिचर्ड हिंडोर्फ या जर्मन कृषितज्ज्ञाने हजार रोपे हँबर्गमार्गे पूर्व आफ्रिकेतील टांगा येथे मागविली. त्यांपैकी 62 जगली. या 62 रोपांच्या संततीवर टांगानिकाचा सिसल उद्योग उभा राहिला, आणि पुढे काही काळ तो देश जगातील प्रमुख उत्पादक होता. करीमजी जीवनजी यांच्यासारखी गुजराती बोहरा कुटुंबेही तिथे मळ्यांची मालक होती. स्वाहिलीत रोपाला 'म्कोंगे' असे स्वतंत्र नाव आहे; पण मायावेल टांगाला पोहोचली नाही. 1967 च्या अरुशा घोषणेनंतर अनेक मळ्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तोपर्यंत कृत्रिम धाग्यांनी बाजार बदलण्यास सुरुवात केली होती.

५.

भारतात अगेव्हच्या अनेक जाती आल्या आणि दख्खनच्या कोरड्या जमिनीत रुजल्या. भारतीय भाषांनी तिला दिलेली नावे तौलनिक अभ्यासकाला बोलकी वाटतील. तमिळमध्ये ती 'आनैक्कट्राळै', म्हणजे हत्तीची कोरफड. क्लुसियसने स्पेनमध्ये काढलेला निष्कर्ष आणि तमिळ शेतकऱ्याने काढलेला निष्कर्ष एकच आहे. हिंदीत ती 'रामबांस' आहे. येथे उंच दांड्यावरून बांबू आठवला आहे. मराठीत 'केकताड' आणि 'घायपात' ही नावे रूढ आहेत. 'घाय' म्हणजे जखम आणि 'पात' म्हणजे लांब पाते. पानांच्या कडांवरील आकडे आणि टोकावरचा काटा पाहता जखम करणारी पात हा अर्थ सहज सुचतो. कोरफड, बांबू, जखम या सर्व नावांत रूप आहे, स्पर्श आहे. मेक्सिकोतील शब्दसंपत्तीत भरून राहिलेला रस मात्र एकाही नावात नाही.

याचे कारण ही वनस्पती येथे ज्या कामासाठी लावली गेली त्यात आहे. तिचे काम राखणदाराचे होते. शेताच्या बांधावर आणि लोहमार्गांच्या दुतर्फा घायपातीची कुंपणे लागली. 1853 मध्ये मुंबई ते ठाणे गाडी धावली आणि पुढील दशकांत लोहमार्ग देशभर पसरले. आपानच्या मैदानातील लोहमार्ग मगेयचा रस वाहून नेत होता आणि दख्खनमधील लोहमार्गाला घायपात गुरांपासून वाचवीत होती. एकाच प्रजातीचा एकाच यंत्रयुगाशी आलेला हा संबंध दोन टोकांचा आहे. कुंपणाला जोपासना लागत नाही. ते एकदा लावले की आपोआप वाढते, आणि फुलोरा आला तरी त्याची दखल घेण्याचे कारण नसते.

रस काढण्याची विद्या भारताला अपरिचित होती असे मात्र नाही. कोकणातील भंडारी आणि गोव्यातील रेंदेर माडाची पोय फुलण्यापूर्वी बांधतात, तिचे टोक रोज तासतात आणि पाझरणारा रस गोळा करतात. गोव्यात या रसाला 'सूर' म्हणतात, आणि तो उतरविण्यासाठी भोपळ्याचे 'दुदिणे' वापरण्याची रीत होती. फुलोरा रोखणे, रोज काप ताजा करणे, भोपळ्याच्या पात्रात रस घेणे आणि तो आपोआप आंबू देणे या चारही बाबतींत रेंदेर आणि त्लाचिकेरो हे परस्परांना न भेटलेले सहव्यावसायिक आहेत. भेद एवढाच की माड वर्षानुवर्षे रस देतो आणि मगेय एकदाच. असे असूनही माडावरची विद्या घायपातीपर्यंत पोहोचली नाही. किनाऱ्यावर माड, शिंदी व ताड हाताशी होते. घायपात घाटावरच्या बांधावर, सरकारी कुंपणात होती. आणि 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर तर रस काढणे हाच परवान्याचा व कराचा विषय झाला होता. वनस्पती आली, पण ती जाणणारा माणूस तिच्याबरोबर आला नाही, हे मात्र यांतील मूलभूत कारण म्हणावे लागेल.

भारतात घायपातीचे जे ज्ञान खरोखर निर्माण झाले ते धाग्याचे होते, आणि ते ज्यांच्या हाती होते त्यांच्या सामाजिक स्थानामुळे त्याची नोंद झाली नाही. महाराष्ट्रात दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गाव-गाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे त्यात हे काम येते ते कर्तव्य आणि मोबदला या सदरात. मोटेचा नाडा, गुरांची दावी, कासरे यांवाचून शेती चालत नव्हती. घायपातीची पाने कापायची, पाण्यात कुजत घालायची, बडवून गर काढायचा, धुऊन वाळवायची, आणि मिळालेल्या वाखाला पीळ देत दोर वळायचा, अशी ही प्रक्रिया होती. पानांच्या रसाने कातडीला खाज सुटते. कुजलेल्या पाण्याचा दर्प अंगाला राहतो. किती दिवस कुजवले म्हणजे धागा सुटतो पण सडत नाही, हा निर्णय आग्वामिएल केव्हा पाझरेल या निर्णयाइतकाच सूक्ष्म आहे. मराठीने या कामातून म्हण घेतली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण सहज म्हणतो. तो पीळ देणारा हात मात्र म्हणीत नाही. मेक्सिकोत विजेत्यांच्या धर्मोपदेशकाने का होईना, मगेय कोरणाऱ्या पहिल्या स्त्रीचे नाव लिहून ठेवले. महाराष्ट्रात वाख काढणाऱ्या पहिल्या माणसाची कथा कोणी विचारली नाही.

या संदर्भात पांडुरंग खानखोजे यांचे उदाहरण उद्बोधक आहे. वर्ध्याचे हे गदर क्रांतिकारक 1924 मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या जातींवरील त्यांचे संशोधन आणि शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मुक्त कृषिशाळा यांची मेक्सिकोने दखल घेतली. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि 1967 मध्ये नागपुरात निवर्तले. त्यांचे कार्यक्षेत्र मका हे होते, अगेव्ह नव्हे. तरीही मेक्सिकन शेतकऱ्याला ज्ञानाचा वाटेकरी मानणारा एक मराठी कृषितज्ज्ञ त्या पठारावर होऊन गेला, यावरून वनस्पतीबरोबर माणूस आणि त्याची भाषा गेली असती तर काय घडू शकले असते याची कल्पना येते.

६.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेचे पंप आले आणि मोट गेली. नायलॉनचा दोर आला आणि वाख गेला. ओडिशातील बामरा येथे सिसलवर संशोधन करणारे केंद्र आहे, परंतु ते धाग्याच्या पिकाचे केंद्र आहे. आंध्र प्रदेशात 2010 नंतर दख्खनमधील अगेव्हपासून मद्य गाळण्याचा उद्योग उभा राहिला. त्याला 'तेकिला' म्हणता येत नाही, कारण 1974 पासून ते नाव मेक्सिकोतील विशिष्ट प्रदेशासाठी संरक्षित आहे. ज्या वनस्पतीची नावे शतकानुशतके हवी तशी बदलली गेली तिच्या बाबतीत नाव हेच आता मालमत्ता झाले आहे.

तेकिलाच्या इतिहासातून आणखी एक गोष्ट पुढे येते. तेकिलाची निळी अगेव्ह फुटव्यांपासूनच लावतात, आणि साखर गाभ्यात राहावी म्हणून तिचा दांडा येताच छाटतात. पिढ्यान्पिढ्या फुलोरा न आल्याने शेतेच्या शेते एकाच रोपाच्या प्रती होऊन बसली, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस रोगांनी त्यांना झपाट्याने ग्रासले. फुलोऱ्यावर जगणाऱ्या आणि परागीभवन करणाऱ्या वटवाघळांचेही अन्न गेले. रोद्रिगो मेदेयिन या जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 2016 च्या सुमारास सुरू झालेल्या योजनेत उत्पादकांनी शेतातील पाच टक्के रोपे फुलू द्यावीत अशी अट आहे. मर्यादेची जी कल्पना चार पेल्यांच्या कथेत होती ती येथे टक्केवारीच्या भाषेत परतली आहे. 2006 मध्ये तेकिलाच्या अगेव्ह-भूप्रदेशाचा जागतिक वारशात समावेश झाला. वारशाचे खरे रक्षण मात्र या पाच टक्क्यांत अधिक आहे.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या इतिहासातून एक पद्धतिशास्त्रीय निष्कर्ष निघतो. जोपासनेची कृती ही संहिता मानली, तर तिचे भाषांतर, अपभ्रंश आणि लोप यांचाही अभ्यास कथांच्या अभ्यासाइतकाच काटेकोरपणे करावा लागेल. मेक्सिकोपुरते हे साहित्य पोथ्यांत उपलब्ध आहे. मराठीपुरते ते वाख काढलेल्या आणि दोर वळलेल्या वृद्धांच्या बोलण्यात आहे. कुजवण्याचे दिवस, पिळाचे प्रकार आणि दोरांची नावे अजून त्यांच्या तोंडी आहेत, आणि ती उतरवून घेण्यास फार अवधी उरलेला नाही. हे काम कृषिविद्यापीठांवर सोपविता येणार नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ते पीक संपले आहे. भाषा आणि साहित्याच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ते संपलेले नाही.